खेळातला टायमर आणि विहिरीवरचा टायमर



मागील पालकसभेत एक तक्रार तीन-चार पालकांनी वेगवेगळ्या शब्दांत मांडली. मुले मोबाईलवर 'टेरारिया' नावाचा खेळ खेळतात, तासन् तास तारा जोडत बसतात, आणि विचारले तर "टायमर लावतोय" असे उत्तर देतात. हे टायमर प्रकरण काय आहे, ते आम्ही समजून घ्यावे व पत्रिकेत लिहावे असे ठरले. आम्ही नववीच्या दोन विद्यार्थ्यांना शेजारी बसवून ते समजून घेतले. खेळ किती वेळ खेळावा हा विषय घराघरांतला आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण या टायमरमध्ये जी गोष्ट आहे तीच आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या संत्रा बगीच्यांत, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसलेली आहे. म्हणून हा लेख जरा लांबला आहे.

टेरारिया हा खेळ अमेरिकेतील री-लॉजिक या कंपनीने मे २०११ मध्ये आणला. जमीन खोदायची, घर बांधायचे, राक्षसांपासून ते राखायचे, असा त्याचा साधारण थाट. त्यात एक मेकॅनिक बाई भेटते, तिच्याकडे तार आणि पाना मिळतो. पान्याने तार टाकायची. तारेच्या एका टोकाला खटका, कळ किंवा पायाखाली दबणारी पाटी, आणि दुसऱ्या टोकाला दिवा, दार, पंप किंवा बाण सोडणारा सापळा. खटका दाबला की तारेतून इशारा जातो आणि पलीकडची वस्तू काम करते. आता प्रत्येक वेळी खटका दाबायला माणूस कोठून आणायचा? म्हणून टायमर.

टायमर तीन मुख्य: १ सेकंदाचा, ३ सेकंदांचा आणि ५ सेकंदांचा. अर्धा व पाव सेकंदाचेही नंतर आले. गंमत अशी की हे टायमर खेळात घड्याळ आणि तार जोडून तयार होतात. तांब्याच्या घड्याळापासून ५ सेकंदांचा, चांदीच्या घड्याळापासून ३ सेकंदांचा, सोन्याच्या घड्याळापासून १ सेकंदाचा. धातू जितका मोलाचा तितका टायमर जलद. ज्याने हे योजले त्याला बाजारभाव कळत असावा.

आपल्याकडे जुन्या लग्नांत मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अशा ६० घटिकांची एक अहोरात्र. तोही टायमरच. फरक एवढाच की वाटी बुडाल्यावर ती पुन्हा उचलून ठेवायला भटजींच्या शेजारी कोणीतरी बसलेले असे. खेळातला टायमर स्वतःच वाटी उचलतो आणि पुन्हा सोडतो, कोणी थांबवीपर्यंत.

आता मुलांनी आम्हांला जी पहिली गोष्ट समजावली ती नीट पाहा, कारण बहुतेकांची समजूत येथे चुकते. ५ सेकंदांचा टायमर दिव्याला जोडला तर दिवा ५ सेकंद लागेल आणि काम संपेल, असे वाटते. तसे होत नाही. टायमर फक्त एक टिचकी मारतो. पहिल्या टिचकीला दिवा लागतो, पाच सेकंदांनी दुसरी टिचकी येते आणि दिवा विझतो, आणखी पाच सेकंदांनी पुन्हा लागतो. 'चालू ठेव' किंवा 'बंद ठेव' असे टायमर सांगत नाही, 'जे आहे ते बदल' एवढेच सांगतो. त्यामुळे लागण्याचा आणि विझण्याचा अंतराल सारखाच निघतो. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे तोंडात 'अंतराल' आधी येतो, 'अवधी' नंतर. मराठीच्या बाई क्षमा करतील.)

शेतावर असा सारखा अवधी चालत नाही. मोटर दोन तास चालवून पाच तास थांबवायची असेल तर चालू वेळ वेगळा आणि बंद वेळ वेगळा ठरवावा लागतो. म्हणून दुकानात मिळणाऱ्या सायक्लिक टायमरवर दोन चकत्या असतात, एक चालू वेळेची, एक बंद वेळेची. खरेदी करताना एकच चकती असलेला टायमर पाहून "स्वस्त पडला" असे समजू नये, तो दुसऱ्याच कामाचा असतो.

दुसरी गोष्ट आम्हांला फार आवडली, कारण तिच्यात निखळ गणित आहे. बाण सोडणारा सापळा एकदा सुटला की त्याला पुन्हा तयार व्हायला काही वेळ लागतो. खेळाच्या हिशेबात तो वेळ २०० टिक आहे आणि ६० टिकांचा एक सेकंद, म्हणजे जवळपास ३.३३ सेकंद. या काळात आलेली टिचकी वाया जाते. सापळा ती ऐकतच नाही.

मुलांना प्रश्न असा: सापळ्यातून भराभर बाण हवे असतील तर १, ३ आणि ५ सेकंदांपैकी कोणता टायमर लावाल, आणि सर्वांत संथ कोणता ठरेल?

१ सेकंदाचा लावला तर १, २, ३ या टिचक्या वाया जातात, चौथीला सापळा तयार असतो. म्हणजे दर ४ सेकंदांनी बाण. ५ सेकंदांचा लावला तर प्रत्येक टिचकीला सापळा तयारच असतो, म्हणजे दर ५ सेकंदांनी बाण. आता ३ सेकंदांचा पाहा. तिसऱ्या सेकंदाला टिचकी आली, पण सापळ्याला अजून एक तृतीयांश सेकंद कमी आहे. टिचकी गेली वाया. पुढची टिचकी सहाव्या सेकंदाला. म्हणजे दर ६ सेकंदांनी बाण. चांदीचे घड्याळ तांब्याच्या घड्याळापेक्षा मागे पडले! आम्ही कागदावर तीन ओळी आखून ठिपके देऊन पाहिले, तेव्हा पटले. सातवी-आठवीच्या मुलांनी लसावि शिकताना हे कोष्टक वहीत काढून पाहावे.

दोष चांदीच्या घड्याळाचा नाही. टायमर आपले सेकंद मोजत बसतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे, सापळा तयार आहे की नाही, हे त्याला दिसत नाही.

आता विहिरीवर येऊ या.

आपल्या भागात संत्र्याचा बगीचा विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर उभा आहे. शेतीच्या फिडरला थ्री-फेज लाईन ठरावीक तासच असते आणि त्यातले कित्येक तास रात्रीचे असतात. डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन वावरात जाणारे वडील आपल्यापैकी बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी आहेत. साप, विंचू, रानडुक्कर, ओला स्टार्टर, सर्व त्या एका फेरीत येते. ही फेरी वाचावी म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच आला. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. पुढे त्याला टायमर जोडले गेले, मोबाईलवरून चालणारे स्टार्टरही आले. ही सोय खरी आहे आणि तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

पण सापळ्याचा ३.३३ सेकंदांचा हिशेब येथे विहिरीच्या झऱ्याला लागू होतो. समजा एक विहीर दोन तासांत उपसते आणि जानेवारीत तीन तासांत पुन्हा भरते. टायमर दोन तास चालू, तीन तास बंद असा लावला, काम छान चालले. एप्रिलमध्ये झरा मंदावला, भरायला सहा तास लागू लागले. टायमरला एप्रिल लागल्याचे कळत नाही. तो तीन तासांनी मोटर सुरू करतो, अर्ध्या वेळातच पाणी संपते आणि उरलेला वेळ मोटर कोरडी फिरते. खेळातल्या पंपापाशी पाणी नसले तर नुसते काही होत नाही. खऱ्या सबमर्सिबल मोटरला मात्र पाणीच थंड ठेवते. ते गेले की बुश, सील आणि शेवटी वाइंडिंग जाते. मोटर बाहेर काढणे, रिवाइंडिंगला टाकणे आणि तोवर बगीचा कोरडा, हा हिशेब पालकांना आम्ही सांगायला नको.

तीनपैकी एक फेज गेला तरी टायमर मोटर सुरू करायला निघतोच. मोटर फिरत नाही, गुरगुरते आणि जळते.

खेळात यावर उपाय २०१६ साली आला. त्यात सेन्सर मिळू लागले: दिवस उगवला की इशारा देणारा, रात्र झाली की देणारा, पाणी असले की देणारा. म्हणजे मोजणाऱ्याच्या जोडीला बघणारा मिळाला. शेतावर हेच काम ड्राय-रन प्रिव्हेंटर आणि सिंगल-फेज प्रिव्हेंटर करतात. पाणी नाही किंवा फेज नाही असे दिसले की टायमर काहीही म्हणो, मोटर बंद. टाकीत तरंगणारा फ्लोट स्विचही त्याच जातीचा. आमचे मत विचाराल तर आधी हे घ्यावे, टायमर नंतर. दुकानदार बहुधा उलट क्रमाने विकतो.

संत्र्याच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास झाडांना ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचे, पाने थोडी मलूल होऊ द्यायची, मग जानेवारीत पाणी सोडले की फुले लागतात. हा ताण मध्येच तुटला तर फुलण्याऐवजी झाड नवती फेकते आणि वर्षाचा बहार बिघडतो. ठिबकचा टायमर बंद करायचा राहिला, किंवा ऑटो स्विच चालूच राहिला आणि घरचे सर्व लग्नाला नागपूरला गेले, तर टायमर अगदी इमानदारीने रोज पाणी देत राहील. म्हणून ताणाच्या दिवसांत नुसता टायमर बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडून ठेवावा लागतो.

घड्याळाच्या तबकडीचे साधे टायमर घेणाऱ्यांनी हेही विचारावे की लाईन गेल्यावर ते काय करते. ज्यात बॅटरी नाही ते लाईनबरोबर थांबते. आठ तास लाईन नसली तर ते आठ तास मागे पडते आणि रात्री दहाला लावलेली मोटर सकाळी सहाला सुरू होते. काही इलेक्ट्रॉनिक टायमर लाईन आली की शून्यापासून मोजायला लागतात. दोन्हींत बिघाड नसतो, रचनाच तशी असते.

आता सर्वांत मोठा मुद्दा, जो एकट्या शेतकऱ्याचा नाही, सबंध डीपीचा आहे.

मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते. ५ हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. सुरू होताना सहा पट धरले तर ४५ अँपिअर. समजा एका ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा दहा मोटरी आहेत. त्या डीपीची ताकद सुमारे ८५ अँपिअरची. दहाही मोटरी चालत असल्या तर ७५ अँपिअर, म्हणजे डीपीला झेपते. पण लाईन गेली, आणि परत आली त्या क्षणी दहाही ऑटो स्विचांनी एकदम मोटर उचलली तर? ४५ गुणिले १० म्हणजे ४५० अँपिअर. ताकदीच्या पाच पटींहून जास्त. व्होल्टेज बसते, मोटरी वेग घेत नाहीत, वेग घेत नाहीत म्हणून जास्तच ओढतात. डीपीचे फ्यूज उडतात, आणि असे वारंवार झाले की ट्रान्सफॉर्मरच जातो. मग नवा येईपर्यंत दहाही बगीचे तहानलेले. पलीकडे महाराष्ट्रात महावितरण कंपनी शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असे वारंवार सांगत आली आहे, ते याचसाठी.

खेळातून शिकलेल्या मुलाला येथे उत्तर लगेच सुचते: सर्वांची टिचकी एकाच वेळी कशाला? बऱ्याच ऑटो स्विचमध्ये लाईन आल्यानंतर किती सेकंदांनी मोटर उचलायची त्याची चकती असते. पहिल्याने १० सेकंद ठेवावे, दुसऱ्याने २०, तिसऱ्याने ३०, असे दहाव्याने १००. मग वेळोवेळी एकच मोटर जोर लावत असते. सर्वांत वाईट क्षण दहाव्या मोटरचा: नऊ चालू मोटरींचे ६७.५ आणि तिचे ४५, मिळून ११२.५ अँपिअर, तेही काही सेकंद. कोठे ४५० आणि कोठे ११२! सर्व मोटरी सुरू व्हायला दोन मिनिटेही लागत नाहीत. अडचण फक्त माणसांची आहे. प्रत्येकाला आपली मोटर पहिली हवी असते आणि चकती सगळे शून्यावर ठेवतात. बांधावरच्या भांडणाइतकेच जुने दुखणे आहे हे.

आणि आता जे लिहितो ते विद्यार्थ्यांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावे. खेळात तारेला हात लावला तर काही होत नाही. सापळ्यात सापडून मेलात तरी काही सेकंदांत पुन्हा उभे राहता. विहिरीवर टायमर आणि ऑटो स्विच लागलेली मोटर 'बंद' दिसते तेव्हा ती बंद नसते, वाट पाहत असते. लाईन केव्हा येईल याचा नेम नाही. विहिरीत गाळ काढायला, फूट व्हॉल्व्ह पाहायला, केबलचा जोड बांधायला कोणी उतरले आहे हे टायमरला दिसत नाही. म्हणून मोटर, केबल किंवा पाईपला हात लावण्याआधी स्टार्टर ऑटोवरून काढायचा, मेन स्विच पाडायचा, तीनही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे आणि टेस्टर लावून पाहायचे. किटकॅट पेटीवर ठेवले तर दुसरा कोणी सद्हेतूने लावून टाकतो. ओल्या हाताने, अनवाणी पायांनी स्टार्टर उघडायचा नाही. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याने तर स्टार्टरच्या पेटीचे झाकणही काढायचे नाही, मग तो खेळात कितीही मोठा मेकॅनिक असो. यात आम्ही सवलत देणार नाही.

शिकायचेच असेल तर शाळेत शिकू. येत्या सत्रात आठवी-नववीच्या विज्ञान तासिकांत टायमरचे छोटे मॉडेल करण्याची आम्ही विश्वस्त मंडळाकडे परवानगी मागितली आहे. ९ व्होल्टची बॅटरी, छोटे बल्ब, साधे टायमर सर्किट, एवढेच साहित्य. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला काहीही जोडले जाणार नाही. दहा बल्ब म्हणजे दहा मोटरी मानून, आधी सर्व एकदम लावायच्या आणि मग पाळीने, असा प्रयोग आहे. बॅटरी जुनी घेतली तर दहा बल्ब एकदम लावल्यावर उजेड कसा बसतो, ते मागच्या बाकावरूनही दिसेल. खेळ येणाऱ्या मुलांनी मोबाईल शाळेत आणायचे नाहीत, बाण-सापळ्याचे कोष्टक मात्र वहीत काढून आणायचे.

पालकांना एक विनंती आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हा झाला, कार्यालये जवळ आली, तरी आपल्या डीपीवर कोणाकोणाच्या मोटरी आहेत याची यादी कार्यालयात विचारायची गरज नाही, ती आपल्याला तोंडपाठ असते. एका कागदावर ती नावे लिहावी, प्रत्येकापुढे १०, २०, ३० असे सेकंद लिहावे. ज्याची विहीर डीपीपासून सर्वांत लांब, त्याला पहिला नंबर द्यावा, कारण लांब केबलमुळे त्याचे व्होल्टेज आधीच पडलेले असते. कपॅसिटर कोणाचा आहे, कोणाचा जळाला आहे, तेही त्याच कागदावर यावे. लाईनमनला दाखवून, जाणत्या वायरमनकडून चकत्या लावून घ्याव्या. यादीच्या प्रती काढायला शाळेचे झेरॉक्स यंत्र शनिवारी सकाळी उपलब्ध राहील.